सोळा व्हायोलिनं सोळापट मोठी का वाजत नाहीत?

मिशिगन विद्यापीठाच्या संगीत विद्यालयातली मुलं आपल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मैफली ॲन आर्बरच्या हिल ऑडिटोरियममध्ये करतात. १९१३ साली उघडलेलं हे सभागृह वास्तुविशारद अल्बर्ट कान यांनी बांधलं. त्याच्या ध्वनीचा विचार ह्यू टॅलंट यांनी केला. मंचामागची भिंत आणि छत अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या, फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारख्या) वळणाने पुढे येतात, त्यामुळे आवाज इकडेतिकडे न भरकटता श्रोत्यांकडे जातो. सुमारे साडेतीन हजार खुर्च्या आहेत आणि ऑर्केस्ट्राला माईकची गरज नाही.

मंचाकडे पाहिलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. ट्रम्पेट दोन-तीनच, व्हायोलिनं मात्र पंचवीस-तीस. व्हायोलिनांचे दोन ताफे असतात, त्यांतला पहिलाच मोठ्या ऑर्केस्ट्रात सोळा जणांचा असतो आणि सगळे एकच ओळ वाजवत असतात. ट्रम्पेटच्या मानाने व्हायोलिनचा आवाज नाजूक, म्हणून माणसं वाढवली, हे खरं. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही.

एकाच्या जागी सोळा व्हायोलिनं वाजली की ध्वनीची ऊर्जा सरासरी सोळापट होते, म्हणजे १२ डेसिबलने वाढते. पण आवाज दुप्पट झाला असं कानाला वाटायलाच साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे सोळा जणांनी मिळून कमावलं काय, तर दुपटीहून थोडं जास्त. नुसत्या मोठेपणासाठी एवढी माणसं बसवणं फार महागात पडलं असतं. त्यांची खरी कमाई वेगळीच आहे.

मैफलीआधी ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक सूर धरतं, साधारण ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा, आणि सगळे त्याला आपलं वाद्य मिळवतात. तरी वाजवताना कुणी ४४० वर असतो, कुणी ४४१ वर. असे दोन सूर एकत्र आले की त्यांच्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना खोडतात. आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तानपुरा लावताना जोडीच्या तारांमधला हाच हेलकावा ऐकत आपण खुंटी किंवा मणी सरकवतो आणि तो थांबला की तारा जुळल्या म्हणतो. व्हायोलिनच्या ताफ्यात तो थांबत नाही. सोळा वाद्यांच्या १२० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा हेलकावा निराळ्या गतीचा. त्यात प्रत्येकाच्या डाव्या हाताचं बोट तारेवर सेकंदाला पाच-सहा वेळा डोलत सूर किंचित वरखाली करत असतं आणि तेही एका तालात नाही. इतके हेलकावे एकमेकांत मिसळले की वेगवेगळे ऐकूच येत नाहीत. उरते ती एक ऊबदार, सतत हलती झळाळी. एकटं व्हायोलिन कितीही जोरात वाजवा, ती येणार नाही.

अर्थात, बेसूर वाजवलं तरी चालेल असा याचा अर्थ नाही. फरक थोडा वाढला की झळाळी जाऊन नुसता गढूळपणा उरतो. ती सीमा कानाने ओळखायला वर्षं लागतात आणि संगीत विद्यालयातली ऑर्केस्ट्राची तालीम बऱ्याच अंशी त्यासाठीच असते, असं मला वाटतं.

वेळेचंही तसंच. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर ओलांडायला त्याला ४४ मिलिसेकंद लागतात. मागे ड्रमवर बसलेला विद्यार्थी पुढच्या व्हायोलिनांवर कान ठेवून वाजवू लागला, तर त्याचा ठोका प्रेक्षकांना उशिरा आलेला कळतो. म्हणून त्याला कानापेक्षा डोळ्यांवर, संचालकाच्या छडीवर भिस्त ठेवायला शिकवतात.

संगणकावर एकाच व्हायोलिनचं ध्वनिमुद्रण सोळा वेळा तंतोतंत एकावर एक ठेवून पाहा. सगळ्या लहरी एका पावलाने चालतात, लहरीची उंची सोळापट आणि ऊर्जा तिच्या वर्गाइतकी, म्हणजे २५६ पट होते, आवाज २४ डेसिबलने चढतो, आणि ऐकू येतं ते एकच मोठं व्हायोलिन. ताफ्याचा भास हवा असेल, तर प्रत्येक प्रतीला काही मिलिसेकंद मागेपुढे करून तिचा सूर किंचित हलता ठेवावा लागतो. कीबोर्डवरचं ‘कोरस’ नावाचं बटण नेमकं हेच करतं.