वेस्ली जोन्स यांचा सॉस

व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडं सेज हे सुगंधी पान, धणे, बेसिल (तुळशीच्या जातीचं पान), कांदा, लसूण. काही जण त्यात चिमूटभर साखरही टाकतात. बार्बेक्यूच्या, म्हणजे निखाऱ्यांवर मंद भाजलेल्या मांसाच्या, सॉसची एवढीच कृती. प्रमाण नाही, किती उकळायचं तेही नाही. 1937 च्या सुमारास अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात वेस्ली जोन्स यांनी ती सांगितली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. गुलामगिरी भोगलेल्या माणसांच्या आठवणी टिपून घ्यायचं काम त्या वर्षांत तिथल्या सरकारच्या लेखक प्रकल्पाने हाती घेतलं होतं. त्या नोंदींत हा सॉस जपला गेला.

बार्बेक्यूच्या आदल्या रात्री जोन्स जागायचे. लांब काठीच्या टोकाला मऊ फडकं गुंडाळायचं, सॉसमध्ये बुडवायचं, मांसावरून फिरवायचं, मांस उलटायचं, पुन्हा फिरवायचं. रात्रभर हेच. आणि बोलता बोलता ते एक गोष्ट सांगून जातात, जिच्यापाशी मी वाचताना थांबले: मांसावरून निथळून जे विस्तवात पडतं त्याने धूरच बदलतो, मसाल्याचा होतो, आणि तोच धूर मांसाला लागतो.

शाळेचं तोंडही न पाहू दिलेल्या पिढीतल्या माणसाने केलेलं हे निरीक्षण रसायनशास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरतं. लाकूड जळताना त्याला कणखरपणा देणाऱ्या लिग्निन या घटकाचे तुकडे होतात आणि ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी फेनॉल वर्गातली संयुगं तयार होतात. धुराचा ओळखीचा वास त्यांचा. पण चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की त्याचेही रेणू फुटतात आणि निराळ्याच वासाची संयुगं वर येतात. नुसत्या लाकडाच्या धुरात ती नसतात. त्या थेंबात लोणी, मिरची, धणे असतील तर त्यांचाही अंश धुरात उतरतो. याची एक काळी बाजूही आहे. जळत्या चरबीतून बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी जोडलेली संयुगंही बनतात. म्हणून थेंबाने धूर काढावा, भडका उडू देऊ नये. जुन्या पद्धतीत खड्ड्यात निखारे आणि त्यांच्यापासून अंतर राखून मांस, अशी मांडणी असे. घरच्या शेगडीवरही जाळी उंच ठेवावी.

फडकं फिरवण्याचे आणखी दोन फायदे. धुराचे कण कोरड्या, तापलेल्या पृष्ठभागापेक्षा ओल्या आणि तुलनेने थंड पृष्ठभागावर जास्त बसतात. दुसरा फायदा उष्णतेचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,260 ज्यूल उष्णता लागते आणि ती मांसाच्या पृष्ठभागातून खेचली जाते. घाम सुकताना अंग गार पडतं, तसंच. त्यामुळे मांसाचं तापमान 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या आसपास कधी कधी तासन् तास अडून राहतं. घाई असलेल्याला हे छळ वाटेल, पण खांद्याच्या चिवट मांसातलं कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला नेमका असाच वेळ लागतो. एरवी दोरीसारखं लागणारं मांस बोटाने सुटू लागतं, ते त्या जिलेटिनमुळे.

आता सॉसकडे. मी अर्धा लिटर सफरचंदाचं व्हिनेगर, 100 ग्रॅम लोणी, दोन चमचे मीठ आणि दोन चमचे भरड लाल मिरची घेतली, बाकीचं अंदाजाने. पहिल्या खेपेला आश्चर्य वाटलं ते लोण्याचं. आंबट सॉसमध्ये लोणी कशाला? उत्तर मिरचीत आहे. तिचा तिखटपणा कॅप्सायसिनचा आणि कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. नुसत्या व्हिनेगरमध्येही ते फार उतरत नाही. चरबीत मात्र सहज उतरतं, आणि सेजचा, धण्याचा सुगंधही तसाच. आपण तेलात फोडणी करतो त्यामागे हेच कारण. म्हणजे या एका पातेल्यात दोन द्रावकं काम करतात: आंबट, खारट ते व्हिनेगर सांभाळतं, तिखट आणि सुगंधी ते लोणी.

दोघं एकजीव मात्र होत नाहीत. लोण्यात थोडी दुधाची प्रथिनं असतात. त्यांतलं केसिन आम्लात साकळतं, म्हणून बारीक पांढरे कण दिसतात आणि चरबी वर तरंगते. सॉस बिघडला असं समजू नये. तो कोमट ठेवावा आणि दर वेळी तळापासून ढवळून मगच फडकं बुडवावं.

तिखट आणि आंबट यांची जोडी जिभेवरही जमते. कॅप्सायसिन चेतातंतूंवरच्या टीआरपीव्ही1 नावाच्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. हीच ग्राही सुमारे 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनेही जागी होते, म्हणून मिरची ‘भाजते’. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये तिचा छडा लावला आणि 2021 च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा मोठा होता. आम्लाने ही ग्राही आणखी हळवी होते. गरम मांस, व्हिनेगर आणि मिरची एकाच घासात आली की तिघंही एकच घंटा वाजवतात. गार सॉस चमच्याने चाखून मिरची वाढवायचा मोह होतो तो म्हणूनच आवरावा.

लसणाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. ठेचल्यावर त्यातलं अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि अ‍ॅलिसिन बनतं, तोच लसणाचा झणका. तीव्र आम्लात हे विकर थंडावतं. म्हणून ठेचलेला लसूण दहा मिनिटं तसाच ठेवून मग व्हिनेगरमध्ये टाकावा. व्हिनेगरमध्ये लसूण कधी हिरवा-निळा पडतो, पण ते अपायकारक नाही. चीनमध्ये तर असा हिरवा लसूण मुद्दाम मुरवतात.

असाच नियम मोहरीचा, आणि तो मराठी घरांत कुणाला शिकवायला नको. साउथ कॅरोलायनाच्या मध्य भागात बार्बेक्यू सॉस मोहरीचा, पिवळाधमक असतो. अठराव्या शतकात तिथे वसलेल्या जर्मन कुटुंबांशी त्याचं नातं जोडतात. जुन्या कृतींत ‘सुकी मोहरी’ म्हणजे मोहरीची पूड असते. ती थेट उकळत्या व्हिनेगरमध्ये टाकली तर सॉस मिळमिळीत होतो. मोहरीतलं मायरोसिनेज हे विकर पाणी मिळालं की झणझणीत आयसोथायोसायनेट तयार करतं, आणि त्याला उष्णता अजिबात सोसत नाही. आई लोणच्यासाठी मोहरी गार पाण्यात फेसायची, नाकात झिणझिण्या येईपर्यंत, ती याचसाठी. आधी फेसावी, पंधरा मिनिटं थांबावं, मग व्हिनेगर घालावं. आम्लाने विकर मंदावतं आणि तयार झालेला झणका जास्त टिकतो.

व्हिनेगर कुठलं, हा प्रश्न जुन्या कृतीत सर्वांत अवघड आहे. पूर्वी ते घरोघरी बने. सफरचंदाच्या रसाची यीस्टने दारू केली, जिवाणूंनी दारूचं अ‍ॅसेटिक आम्ल, आणि प्रत्येक पिंपाची आंबटाई वेगळी. आज अमेरिकेत व्हिनेगर म्हणायला निदान 4 टक्के आम्ल लागतं, आपल्याकडे 3.75. आपल्याकडच्या स्वस्त बाटलीवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. त्यात आंबटपणा आहे, फळाचा वास नाही. या सॉससाठी ते घेऊ नये. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको.

मग टोमॅटो आणि साखर आली कुठून? व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ यांच्या 1824 च्या पाकपुस्तकात डुकराच्या पिलाच्या बार्बेक्यूला दोन गिल लाल वाइन आणि दोन गिल केचप आहे. एक अमेरिकी गिल म्हणजे साधारण 118 मिलिलिटर. पण ते केचप अळंब्यांचं! टोमॅटोच्या केचपची कृती फिलाडेल्फियाच्या जेम्स मीज यांनी 1812 मध्येच छापली होती, पण केचप म्हणजे टोमॅटोच हे समीकरण रुळायला पुढे बराच काळ गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केचप टिकवायला वापरल्या जाणाऱ्या सोडियम बेंझोएटवर वाद पेटला. हाइन्झ या केचप कंपनीने ते वगळलं आणि टिकाऊपणासाठी पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर वापरली. आजच्या केचपमध्ये जवळपास चौथा हिस्सा साखर असते. कृतीच्या जुन्या चिठ्ठीत ‘एक कप केचप’ असेल आणि आपण आजची बाटली ओतली, तर सॉस ती चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंच्या सॉसपेक्षा बराच गोड होऊ शकतो. मी निम्मं केचप आणि निम्मा आटवलेला टोमॅटो घेते.

गोड सॉस रात्रभर फासताही येत नाही. आम्लात उकळताना साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. फ्रुक्टोज साध्या साखरेच्या बरंच आधी करपू लागतं, आणि मांस शिजायच्या आत काळा कडू थर चढतो. असा सॉस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लावायचा. जोन्स यांच्या पातळ सॉसला ही अडचण नव्हती.

मांस, व्हिनेगर, लसूण, मिरची ही संगत गोव्यात ओळखीची आहे. पोर्तुगीजांची वाइन-लसणाची मुरवण इथे विंदालू झाली, आणि मिरची तर अमेरिका खंडातूनच त्यांच्याबरोबर आली. ‘बार्बेक्यू’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा.

सॉस करायला घ्याल तर एक गोष्ट काटेकोर पाळा. तो आधीच दोन भांड्यांत वाटून घ्या. कच्च्या मांसाला लागलेलं फडकं ज्यात बुडलं, तो सॉस ताटात वाढू नका. उरलेला फ्रिजमध्ये ठेवा. आणि व्हिनेगर वगळून नुसत्या लोण्यात किंवा तेलात लसूण घालून बाहेर ठेवू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू 4.6 पेक्षा कमी पीएचला (पीएच जितका कमी, तितकी आंबटाई जास्त) वाढत नाहीत, इथे ती राखण व्हिनेगर करतं.

मी कोंबडीच्या तंगड्यांवर हा सॉस केला, कोळशाच्या शेगडीवर, काठीला जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून. पहिला थेंब निखाऱ्यावर पडला, चर्र झालं, आणि वर आलेल्या धुराला धण्याचा वास होता.