मासा नासला, चित्र उरलं

पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मुळा-मुठेत सापडणाऱ्या महाशीरचं वर्णन 1839 मध्ये लंडनला छापून आलं. तेव्हा नाव ठेवलं बार्बस खुद्री, आता म्हणतात टॉर खुद्री. ज्या माशावरून हे वर्णन लिहिलं, तो मात्र आज कुठल्याच संग्रहालयात सापडत नाही.

वर्णन करणारा विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. त्या फिरतीत भीमा, इंद्रायणी, घोड आणि मुळा-मुठेतले मासेही त्याने टिपून ठेवले. चाकणजवळ इंद्रायणीत मिळालेला नुकटा हा त्यातला सगळ्यात विचित्र: थोबाड पुढे आलेलं आणि त्यावर आडवी खोल खाच.

पण मासा टिकवायचा कसा? फॉर्मॅलिन वापरात आलं शतकाच्या अगदी शेवटी. तोवर मद्यार्क हाच आधार, तो महाग, आणि हातभर लांबीचा महाशीर कुठल्या बाटलीत मावणार? शिवाय मेल्यावर थोड्याच वेळात रंग उडतो आणि मद्यार्कात तर मासा पार पांढुरका पडतो. त्यामुळे मासा ताजा असतानाच कागदावर उतरवणं भाग होतं.

हे चित्र देखणं असण्यापेक्षा मोजता येण्याजोगं असावं लागे. मासा आडवा, बहुधा डावीकडे तोंड केलेला, सगळे पर पसरलेले, कारण परातले काटे मोजायचे असतात. ओठाजवळच्या मिशा किती, हे दिसलं पाहिजे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले तर एकेक करून मोजतात. महाशीरच्या जातींत ते साधारण 22 ते 28 भरतात. चित्रकाराने नक्षी म्हणून चार खवले जास्त काढले, की पुढच्या अभ्यासकाच्या हाती भलतीच जात लागते. आपली चित्रं प्रत्यक्ष मोजमाप घेऊन काढलीत आणि प्रत्येकाला मापपट्टी जोडली आहे, असं सायक्सने मुद्दाम नोंदवलं आहे. मग शिळाछापाचा कारागीर ते चित्र चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटं उतरवी, तेव्हा कुठे छापात मासा सुलटा येई.

गंगेच्या माशांची कहाणी याहून चमत्कारिक. कंपनीच्याच नोकरीतला डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने रोहू, कटला आणि हिलसा यांना शास्त्रीय नावं दिली ती 1822 च्या ग्रंथात. पण 1815 मध्ये भारत सोडताना त्याची चित्रं गव्हर्नर जनरलने कलकत्त्यातच ठेवून घेतली होती. तरी ग्रंथात 97 आकृत्या आल्या. कलकत्त्यात पडून राहिलेली त्याची चित्रं पुढे 1929 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी प्रसिद्ध केली. हॅमिल्टननेही नमुने जपले नव्हते, म्हणून तिथे चित्र हाच पुरावा. भारतातल्या माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डेचं तसं नाही. 1875 ते 1878 दरम्यान आलेल्या त्याच्या ग्रंथात 198 चित्रपत्रं आहेत आणि त्याचे बरेच मासे सिडनीच्या संग्रहालयात आहेत. त्यामुळे चित्राबद्दल शंका आली तर मासा काढून बघता येतो. मला ही सोय फार मोठी वाटते.

ती नसली की काय होतं, ते सायक्सच्या ‘मुसल्ला’ माशावरून कळतं. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या या जातीचा मूळ नमुना नाही. 1943 मध्ये होरांनी तिला महाशीर ठरवलं आणि कावेरीतल्या नारिंगी परांच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या भल्या मोठ्या महाशीरलाही तेच नाव चिकटलं. 2013 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं, की मुसल्ला महाशीर नव्हेच, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या कुळीतला. म्हणजे कावेरीचा मासा बिननावाचा झाला, आणि नाव पक्कं नसेल तर धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत नोंद तरी कशी करणार? 2018 मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं ठरलं. त्यानंतरच त्याची नोंद झाली, तीही थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून.