बरणीतल्या घेवड्याची पार्श्वभूमी

झाकणाला भोक पाडलेली बरणी, तिच्यात विद्राव्य खताचं पाणी, भोकात अडकवलेलं घेवड्याचं रोप आणि वर एलईडीचा दिवा. घरात मातीविना घेवडा घ्यायची आजची साधी पद्धत एवढ्यात संपते. ती नवी वाटते, पण तिचे तुकडे वेगवेगळ्या काळातले आहेत. खताच्या पाण्याचा प्रश्न 1860 च्या दशकातच बराचसा सुटला होता. मुळांना हवा कशी मिळणार आणि पानांना उजेड कुठून आणायचा, या दोन प्रश्नांनी मात्र पुढची शंभराहून जास्त वर्षं घेतली. मधल्या काळात गाजावाजा झाला तो खताच्या कृतीवरून. त्या वादाला इथे जास्त जागा दिली आहे, कारण आजच्या घरगुती सल्ल्यांत त्याचे पडसाद अजून ऐकू येतात.

इंग्लंडमधल्या एका अभ्यासकाने 1699 मध्ये पुदिन्याची रोपं पावसाच्या, नदीच्या आणि बागेतली माती मिसळलेल्या पाण्यात वाढवून पाहिली होती. पाणी जितकं गढूळ, तितकी वाढ जास्त. पण गढूळपणात नेमकं काय असतं, हे सांगायला रसायनशास्त्र तेव्हा तयार नव्हतं. ते उत्तर 1860 च्या सुमाराला जर्मनीतून आलं. एक लिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, पाव-पाव ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट आणि नावापुरतं लोह, एवढ्यावर रोप वाढू शकतं हे दिसलं. त्या काळच्या क्षारांत भेसळ असायची आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं तिच्यातून नकळत मिळून जायची. क्षार शुद्ध मिळू लागले तेव्हा उणीव उघडी पडली. बोरॉनवाचून वनस्पतीचं चालत नाही हे 1923 मध्ये सिद्ध झालं, आणि तेही घेवड्याच्या दूरच्या नात्यातल्या फाबा बीनवर.

शेंगवर्गाचा एक वेगळा गुंता याच्या आधीपासून चालू होता. क्लोव्हर आणि वाटाणा हवेतला नायट्रोजन मिळवतात, गहू मिळवत नाही, असं फ्रान्समध्ये 1838 ला दिसलं होतं. 1857-58 मध्ये इंग्लंडमध्ये काटेकोर तपासणी झाली. काचेच्या घुमटाखाली, भाजून निर्जीव केलेल्या मातीत शेंगवर्गीय रोपं वाढवली गेली आणि नायट्रोजनची काहीच भर पडली नाही. मोजमाप अचूक होतं. पण माती भाजताना ज्यांच्यामुळे हे काम होतं ते जिवाणूच मारले गेले होते. मुळांवरच्या गाठी आणि त्यांतले जिवाणू हा खुलासा 1886 मध्ये बर्लिनला मांडला गेला, आणि 1888 मध्ये नेदरलँड्समध्ये ते जिवाणू वेगळे काढले गेले.

घरातली स्वच्छ बरणी म्हणजे त्या काचेच्या घुमटाची धाकटी बहीण आहे. तिच्यात ते जिवाणू नसतात. बियाण्याला जिवाणू चोळले तरी पाण्यात पुरेसं नायट्रेट असलं की रोप गाठी करण्याचे कष्ट घेत नाही. शिवाय आपला नेहमीचा घेवडा हवेतला नायट्रोजन बांधण्यात सोयाबीनच्या मानाने बराच कच्चा आहे. तरीही ‘शेंगवर्गीय पीक आहे, नायट्रोजन कमी द्या’ हा शेतातला सल्ला बरणीपर्यंत जसाच्या तसा येऊन पोहोचला आहे. तो पाळला की खालची पानं फिकी पडतात आणि रोप फुलांआधीच थकतं. दीडशे वर्षांपूर्वीची चूक लोक नव्याने करताना दिसतात आणि वाईट वाटतं.

आता तो गाजलेला वाद. 1929 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या एका प्राध्यापकाने प्रयोगशाळेतली ही पद्धत पीक घेण्यासाठी वापरायला सुरुवात केली. त्यांचे टोमॅटोचे वेल 25 फुटांपर्यंत चढले आणि वर्तमानपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली. पद्धतीला नाव हवं होतं. आधी त्यांनी ‘ॲक्वाकल्चर’ म्हटलं, पण तो शब्द पाण्यातले जीव पाळण्यासाठी आधीच रूढ होता. मग 1937 मध्ये ग्रीकमधले पाणी आणि श्रम हे शब्द जोडून ‘हायड्रोपोनिक्स’ छापून आलं. हा शब्द मुळात फक्त पाण्यातल्या पिकासाठी होता. पुढे वाळू, खडी आणि नारळाच्या काथ्याचा भुसाही त्याच शब्दात शिरला. मराठीत गोंधळ आणखी वाढतो. ‘जलशेती’ म्हटलं की कुणाला मासे आठवतात, ‘जलसंवर्धन’ म्हटलं की बंधारे. ‘मातीविना शेती’ हा शब्द त्यातल्या त्यात सुटसुटीत, पण तो काय नाही एवढंच सांगतो. मुळं पाण्यात आहेत की ओल्या भुश्यात, हे त्यातून कळत नाही, आणि घेवड्याला तर तोच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

प्राध्यापकांनी हे काम घरी, स्वतःच्या वेळात केलं होतं, कारण विद्यापीठाने हरितगृह द्यायला नकार दिला होता. बोलबाला झाल्यावर विद्यापीठाला कृती हवी झाली. प्राध्यापक म्हणाले, अजून ती पक्की नाही, जागा द्या, वेळ द्या. जागा शेवटी मिळाली, पण त्यांचे दावे तपासायचं काम विद्यापीठाने दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांकडे सोपवलं. 1937 मध्ये प्राध्यापकांनी नोकरी सोडली. 1938 मध्ये तपासणीची पुस्तिका निघाली. तिचा निष्कर्ष असा, की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात उत्पन्न जास्त येत नाही, कारण शेवटी मर्यादा घालतो तो उजेड आणि मुळांना मिळणारी हवा. खताचं पाणी कितीही उत्तम असलं तरी त्यापुढे जाता येत नाही.

प्राध्यापकांनी 1940 मध्ये उत्तर दिलं. तुम्ही दोन्हीकडे सारखीच रोपं लावलीत, म्हणजे पाण्याची ताकद मातीच्या मापाने मोजलीत, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या माध्यमात जितकी रोपं पोसली जातील तितकी लावा आणि मग तुलना करा, असं त्यांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्या पद्धतीने त्यांच्याकडून काम काढून घेतलं गेलं ते मला आजही अन्यायाचं वाटतं. पण घरात घेवडा लावणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पुस्तिकेचंच म्हणणं खरं ठरतं. खिडकीजवळ चार बरण्यांच्या जागी आठ ठेवल्या तर पानं एकमेकांवर सावली धरतात आणि शेंगा वाढत नाहीत. खत तेवढंच, पाणी तेवढंच, उजेड मात्र वाटला जातो.

त्या पुस्तिकेचा दुसरा परिणाम तिच्या निष्कर्षापेक्षा मोठा झाला. तिच्यात हौशी माणसासाठी कोष्टक होतं: 25 गॅलन, म्हणजे सुमारे 95 लिटर पाण्याला कोणता क्षार किती सपाट चमचे घ्यायचा, इतकं सोपं. पद्धतीबद्दल लोकांनी फार आशा धरू नये म्हणून लिहिलेल्या कागदाने ती कृती घराघरांत नेली. 1950 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि त्यातल्या द्रावणाचे पूर्ण, अर्धे, पाव असे अवतार आजही प्रयोगशाळांत रोज वापरले जातात. ज्यांचा दावा खोडायचा होता त्या प्राध्यापकांची कृती मात्र विस्मरणात गेली.

पण त्यांची टाकी विसरायला नको होती. उथळ हौद, त्यावर जाळी, जाळीवर पेंढा किंवा भुसा, आणि जाळी व पाणी यांच्यात मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा. मुळं या ओलसर हवेतून खाली उतरायची आणि रोप वाढेल तशी पाण्याची पातळी उतरू द्यायची. पंप नाही, बुडबुडे नाहीत.

पुढचा काळ भराभर सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धात ओसाड बेटांवरच्या सैनिकांसाठी खडीच्या वाफ्यांत भाज्या घेतल्या गेल्या. 1946 पासून दार्जिलिंगजवळच्या कालिम्पोंगला खडी-वाळूचे वाफे आणि वरून कोरडे क्षार अशी बिनपंपाची स्वस्त पद्धत घडवली गेली; ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते आणि साध्या हायड्रोपोनिक्सच्या इतिहासात तिला मिळते त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी. 1960-70 च्या दशकांत इंग्लंडमध्ये उतरत्या नळीतून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवण्याची पद्धत आली. नळ्या, पंप, टायमर हे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे बसलं ते तेव्हापासून. घरी दोन घेवडे लावायचे तर त्यातलं काहीच लागत नाही.

याच सुमाराला एक छोटी, पण मोलाची सुधारणा झाली. जुन्या द्रावणांत लोह टिकत नसे. बरणीच्या तळाशी गंजासारखा गाळ बसायचा आणि रोपाची कोवळी पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. 1950 च्या दशकापासून चिलेटेड लोह वापरात आलं, म्हणजे सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून पाण्यात विरघळलेलं ठेवलेलं लोह. आज तयार खताच्या पुडीवर लोहापुढे ‘ईडीटीए’ किंवा ‘डीटीपीए’ लिहिलेलं असतं ते याचसाठी.

हवेचा प्रश्न घरगुती पातळीवर सुटला तो हवाईमध्ये, 1990 च्या दशकापासून पुढे. तिथल्या एका बागायती संशोधकाने न फिरवलेल्या, न हलवलेल्या पाण्यातली पद्धत नीट अभ्यासून मांडली. सुरुवातीला पाणी रोपाच्या कुंडीला टेकलेलं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि वरच्या रिकाम्या जागेत मुळांचा एक वेगळा थर तयार होतो. झाकण उचलून पाहिलं की हे दोन थर स्पष्ट दिसतात. वर पांढरी, लव असलेली, दाट फांद्यांची मुळं. खाली लांब, गुळगुळीत, कमी फुटवे असलेली. वरची हवा घेतात, खालची पाणी आणि अन्न. जवळजवळ साठ वर्षांपूर्वीच्या त्या जाळीखालची मोकळी जागाच इथे परत आली होती.

ही पद्धत गाजली ती लेट्यूसवर, आणि तिथेच घेवड्याचा सल्ला चुकतो. लेट्यूस ठरावीक पाण्यात काढणीला येतं. झुडपी घेवड्याला शेंगा धरेपर्यंत 50 ते 60 दिवस लागतात, पुढे तोडणी चालूच राहते, आणि फुलोऱ्यानंतर तहान झपाट्याने वाढते. लहान बरणीत भर घालावीच लागते. ती पूर्ण ताकदीच्या द्रावणाने घातली तर क्षार साचत जातात, कारण रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त वेगाने पितं. घेवडा खारटपणाला सगळ्यात हळव्या पिकांपैकी एक आहे. मातीतल्या प्रयोगांत, पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचं उत्पन्न घटायला लागतं. मातीतला आकडा बरणीला तसाच लावता येत नाही हे खरं, तरीही सगळीकडे फिरणाऱ्या कोष्टकांत घेवड्यापुढे 2 ते 4 असा सैल पट्टा लिहिलेला असतो, त्यातला वरचा भाग मला बेफिकीर वाटतो.

उजेड सगळ्यात शेवटी आला. लक्स या उजेडाच्या मापात उघड्यावरच्या उन्हात सुमारे एक लाख असतात, उजळ वाटणाऱ्या खोलीत काहीशे. फ्लुरोसंट नळ्या बाजारात आल्या त्या 1938 मध्ये, म्हणजे त्या पुस्तिकेच्याच वर्षी, पण त्यांच्याखाली पालेभाजी जमायची, शेंगा जेमतेम. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अंतराळात पिकं घेण्याच्या विचारातून लाल एलईडीखाली रोपं वाढवून पाहणं सुरू झालं. 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी आला, त्यातून पांढरा, आणि दिवा पानांजवळ ठेवूनही पान करपू नये हे शक्य झालं. घेवड्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःचं परागण उरकतं, त्यामुळे बंद खोलीत मधमाशी नसल्याचं त्याला काही वाटत नाही.

इथे मराठी नावाचा घोळ महागात पडतो. श्रावणघेवडा, म्हणजे फरसबी, आणि वाल-पावट्याच्या जातकुळीतला घेवडा या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. फरसबीच्या बहुतेक झुडपी जाती दिवसाच्या लांबीकडे लक्ष देत नाहीत. वालाच्या पुष्कळ जुन्या जाती दिवस लहान झाल्यावाचून फुलतच नाहीत. दिव्याखाली रोज 16 तास उजेड दिला तर असा वेल पानांनी भरून जातो आणि कळी धरत नाही. मालक मात्र खतात चूक शोधत बसतो.

बरणी भरतानाही तसंच. पाणी अर्ध्यावर आलेलं पाहून माणूस काळजीपोटी ती काठोकाठ भरतो. वरची लव असलेली मुळं बुडतात, दोन-तीन दिवसांत तपकिरी आणि बुळबुळीत होतात, आणि भरपूर पाण्यात उभा असलेला घेवडा दुपारी मान टाकतो. लव असलेल्या मुळांचा बहुतेक थर पाण्याबाहेर राहील इतकीच बरणी भरावी, वरची हवा तशीच राहू द्यावी.