सकाळची वाढलेली रेस आणि चिमूटभर मेण

थंडी सुरू झाली की जुन्या गाड्यांच्या मालकांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. सकाळी पहिला सेल्फ मारला की रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) थेट दीड हजारावर जाते, इंजिन ओरडतं, म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय. यावर इलाजही ठरलेला. मेस्त्री बॉनेट उघडतो, थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) स्क्रू जरासा फिरवून रेस खाली आणतो, गिऱ्हाईक खूश. मग दुपारी सिग्नलला एसी चालू असताना तीच गाडी बंद पडते आणि नवी तक्रार जन्माला येते.

मुळात थंड इंजिनाची रेस वाढणं हा बिघाड नाहीच. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसला उकळतात, जड घटकांना 200 च्या आसपास जावं लागतं. जळते ती वाफ, द्रव नव्हे. निफाडला पहाटे पारा एक आकडी झालेला असताना पेट्रोलचा बराचसा भाग इंजिनात जाताना नळीच्या थंड भिंतींना ओला चिकटून राहतो. एरवी एक ग्रॅम पेट्रोलला साधारण 14.7 ग्रॅम हवा पुरते. थंडीत जळण्याजोगी वाफ मिळावी म्हणून पेट्रोल जास्त सोडावं लागतं. त्यात ऑइल घट्ट झालेलं, प्रत्येक फिरता भाग जड. अशा वेळी 800-900 च्या रेसवर इंजिन गुदमरेल, म्हणून हवा आणि पेट्रोल दोन्ही वाढवून ते 1400-1500 वर धरतात. पाणी तापत जाईल तशी रेस काही मिनिटांत आपोआप उतरली पाहिजे. तपासायचं ते एवढंच, ती उतरते की नाही.

उतरवतो कोण? कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती 800 मध्ये हे काम चालकाच्या हाताचं होतं: डॅशबोर्डवरचा चोक, म्हणजे थंडीत जादा पेट्रोल मिळवून देणारा खटका, ओढायचा आणि आठवणीने आत ढकलायचा. फ्युएल इंजेक्शन आल्यावर संगणक पाण्यातल्या सेन्सरला विचारून ठरवू लागला. पण नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच जपानी बनावटीच्या इंजिनांमध्ये या दोहोंच्या मधली एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. थ्रॉटल बॉडीच्या पोटात एक झडप असते. तिला ना वायर, ना संगणक. तिला हलवतं मेण.

मेणबत्ती साच्यात ओतून गार केली की मधोमध खळगा पडतो, तो आठवा. मेण गोठताना आक्रसतं आणि वितळताना साधारण 10 ते 15 टक्के फुगतं. (पाणी नेमकं उलटं वागतं, म्हणून फ्रीझरमध्ये बाटली फुटते.) आता हे मेण पितळेच्या बोटभर डबीत ठासून भरा. वितळल्यावर त्याला फुगायचं आहे, पण जागा नाही आणि द्रव तर जवळपास दाबला जात नाही. डबीत मधोमध रबराची जाड नळी असते आणि तिच्यात निमुळत्या टोकाची पोलादी पिन. मेण रबराला चहूबाजूंनी आवळतं, रबर पिनला बाहेर ढकलतं. काही मिलिमीटरचीच हालचाल, पण जोर असा की समोरची स्प्रिंग मुकाट्याने दबते. इंजिनातलं गरम पाणी या डबीला वळसा घालून जातं. थंडीत पिन आत, झडप उघडी, जादा हवा चालू. पाणी तापलं की पिन बाहेर, झडप बंद, रेस खाली.

कितव्या अंशाला हलायचं, हे मेणाच्या रेणूंची लांबी ठरवते. 20 कार्बनची सरळ साखळी 37 अंशांच्या आसपास वितळते, 30 कार्बनची 66 ला, 40 कार्बनची 82 ला. एकाच लांबीच्या साखळ्या घेतल्या तर झडप खटकन उघडझाप करेल. वेगवेगळ्या लांबीच्या मिसळल्या तर वितळणं टप्प्याटप्प्याने होतं आणि झडप हळूहळू सरकते. मेण उष्णतेचं वाहक म्हणून मठ्ठ, म्हणून त्यात तांब्याची भुकटी कालवतात.

अशीच मेणाची डबी इंजिनाच्या थर्मोस्टॅटमध्येही असते; थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. सर्जियस व्हर्ने या संशोधकाने 1930 च्या दशकात ती आणली. त्याआधी थर्मोस्टॅटमध्ये वाफेवर फुगणारी धातूची फुगनळी असे, पण कूलिंग सिस्टिममध्ये दाब ठेवू लागल्यावर तो दाब तिला फुगूच देईना. मेणाला या दाबाचं सोयरसुतक नाही.

आणि आपल्याकडे गंमत अशी की कित्येक गॅरेजांत हा थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. का, तर ‘आपल्या हवेत लागत नाही, इंजिन थंड राहतं’. राहतं खरं! 82 अंशांच्या आसपास उघडणारी ही झडप नसली की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरतं, इंजिन तापतच नाही, सेन्सर ‘अजून थंडच आहे’ असं कळवत राहतो, संगणक पेट्रोल ओतत राहतो. रेस उतरायला वेळ लागतो, अ‍ॅव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये झिरपतं. मग तोच मालक अ‍ॅव्हरेज वाढवायला पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधतो. पेट्रोलचे रेणू चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत, त्यांची रचना तिथून जाताजाता बदलणं तर दूरच. बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची निदान स्वस्त तरी पडतं.

रेस उतरतच नसेल तर आधी पाणी बघा, तेही इंजिन पूर्ण गार असताना, कारण गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. पातळी कमी असेल तर मेणाच्या डबीभोवती आणि सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवाच असते आणि दोघांनाही इंजिन तापल्याचा पत्ता लागत नाही. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत थ्रॉटल बॉडीकडे जाणारी बारीक वाट गंज आणि क्षारांनी बुजते. झडप धडधाकट, पण तिच्यापर्यंत ऊब पोहोचत नाही. मग थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजपाइपवर हात ठेवा, पंख्यापासून लांब. थर्मोस्टॅट नीट असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग झपाट्याने तापतो. पहिल्यापासूनच कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. सेन्सर मल्टिमीटरवर कळतो: 20 अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, 80 ला तीनशेच्या आसपास. एवढं सगळं ठीक निघालं तर व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडलेल्या, चिरलेल्या रबरी नळ्या शोधा; तिथून जादा हवा आत शिरते. काही चिरा थंडीत उघडतात आणि रबर तापून फुगलं की मिटतात, त्यामुळे दुपारी गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. थ्रॉटलच्या स्क्रूला मात्र हात लावू देऊ नका.

थर्मोस्टॅट नवा बसवताना त्याच्या चकतीवर एक बारीक भोक आणि त्यात खुळखुळणारी छोटी पिन दिसेल. कूलंट भरताना अडकलेली हवा तिथून निसटते, म्हणून ती बाजू वर ठेवून बसवायची.