जुन्या मोटारसायकलची फ्यूजपेटी आणि कपलर बदलणे

मोटारसायकलच्या बॅटरीजवळचा फ्यूज, तो बसवायची पेटी आणि वायरी जोडणारे कपलर, बुलेट पिना व थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची पिन) काढून नवे बसवण्याचे काम. मराठवाड्यात १९८५ च्या सुमारास आलेल्या १०० सीसी गाड्या, राजदूत, जुन्या बुलेट आजही शेताच्या वाटेवर चालतात. त्यांचे इंजिन दोन-तीनदा उघडले जाते. वायरिंगला मात्र टेपवर टेप चढत राहतो.

कपलर खराब होण्याची कारणे इथल्या हवेत आणि वापरातच आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, गाडी दिवसभर बांधावर उन्हात उभी असते आणि प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. काळ्या मातीची बारीक धूळ जोडात शिरते आणि पावसाळ्यात पांदण रस्त्याचा चिखल तिला ओल देतो. वर धुलाईच्या पंपाचे पाणी थेट टाकीखाली मारले जाते. गोठ्यात लावलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, ते वेगळेच. अशा गाडीची टाकी उतरवून मुख्य कपलर ओढला, की एखाद्या खाचेभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी झालेले आणि आतली पितळी पिन काळी पडलेली दिसते. मिस्त्री याला ‘कार्बन धरला’ म्हणतात.

इथे एक गैरसमज खोल रुजलेला आहे. फ्यूज शाबूत आहे म्हणजे वायरिंग ठीक आहे, असे धरले जाते. फ्यूज वितळतो तो जास्त करंट गेल्यावर, म्हणजे बहुधा शॉर्ट झाल्यावर. सैल जोडात करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. कार्बन धरलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून हॉर्नचे ३ अँपिअर गेले, तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि साडेचार वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत साठते. हॉर्न घोगरा होतो, कपलर भाजत जातो आणि १० अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. ६ व्होल्टच्या जुन्या गाड्यांना हा त्रास जास्त. तितक्याच वॅटच्या बल्बला तिथे दुप्पट करंट लागतो आणि त्याच जोडात चौपट उष्णता होते. म्हणून नुसती पेटी बदलून कपलर तसेच ठेवणे हे अर्धे काम आहे.

जुन्या पेटीत काचेच्या नळीचा फ्यूज दोन पत्र्यांच्या चिमट्यात बसतो. चिमट्याचा ताण गेला की तो स्वतःच तापतो आणि कधीकधी शॉर्ट नसतानाही फ्यूज उडतो. मग कोणी तांब्याची तार गुंडाळते, कोणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. हे कधीही करू नये. पुढचा शॉर्ट थेट वायरिंग पेटवतो, आणि पेट्रोलची टाकी त्या वायरींच्या वरच असते. त्याऐवजी पात्याच्या फ्यूजची, रबरी झाकणाची पेटी बसवावी. पाती पकडीत घट्ट बसतात आणि रंगावरून क्षमता कळते: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. कंपनीने दिलेल्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज घालू नये. एलईडी पट्ट्या किंवा मोबाइलचा चार्जर जोडायचा असेल, तर त्याला वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज द्यावा.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडतात आणि शेवटी जोडतात. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेले आणि पान्हा चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो. जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. हिरो होंडात अर्थची (चेसीला जोडलेली) वायर हिरवी, यामाहात काळी. कपलर एका वेळी एकच बदलावा.

वायर मागे कापत जावे, लालसर चकचकीत तांबे लागेपर्यंत. काळेपणा आत लांबवर गेला असेल तर तो तुकडाच बदलावा. थिंबलला नख्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्यावर दाबायची, मागची वायरीच्या आवरणावर. मागची जोडी सुटली की सगळा हादरा तांब्याच्या तारांवर येतो. साध्या पकडीने चेपलेले थिंबल वरून घट्ट वाटते, पण तारा आत सैल राहतात. दाबायची खास पक्कडच वापरावी. नंतर वायर ओढून पाहावी, निसटली तर जोड पुन्हा करावा. सोल्डर मजबूत वाटते, पण ते तारांमध्ये चढून वायर कडक करते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच ती हादऱ्याने तुटते. अर्थच्या जोडाखालचा रंग घासून लोखंड उघडे करावे आणि जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

अनेक जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून, इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. त्यामुळे त्याची तपासणी इंजिन चालू करूनच होते.

नवा फ्यूज लावण्याआधी, १२ व्होल्टच्या गाडीत त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. शॉर्ट असला तरी या बल्बातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो आणि वायर वाचते. चावी बंद असताना बल्ब पेटला, तर कुठेतरी वायर चेसीला लागलेली आहे. मग एकेक कपलर सोडत जावे. ज्या कपलरने बल्ब विझतो, त्याच्या पुढच्या वायरीत दोष शोधावा.