वासोटा (व्याघ्रगड)

सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यातील गिरिदुर्ग व त्याभोवतीचे निर्मनुष्य, संरक्षित अरण्य. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय लाँचने ओलांडावा लागतो. त्यामुळे हे बेटच वाटते. काटेकोर अर्थाने मात्र ते बेट नव्हे, कारण पश्चिमेची बाजू सह्याद्रीच्या कण्याला जोडलेली असून कोकणातील चोरवणेकडूनही नागेश्वरमार्गे वर येता येते. घाटमाथ्यावरून जाणाऱ्याला मात्र तो पाण्यापलीकडचाच मुलूख.

नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. वसिष्ठ ऋषींचा (काहींच्या मते त्यांच्या शिष्याचा) येथे वास होता, त्यावरून ‘वासोटा’, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने ती सहज पटत नाही. संस्कृत ‘ष्ठ’चा मराठीत सामान्यतः ‘ठ’ होतो (ओष्ठ–ओठ, ज्येष्ठ–जेठ). येथे ‘ट’ आहे, शिवाय मधल्या ‘ओ’चाही उलगडा होत नाही. हस्त–हत्थ–हात अशी महाप्राण (‘ह’युक्त उच्चार) लोपल्याची उदाहरणे असली तरी तेवढ्याने काम भागत नाही. रूढ नावाला मागाहून ऋषी जोडला गेला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक. ‘व्याघ्रगड’ हे नाव शिवाजी महाराजांनी दिले, अशी परंपरा आहे. बोलण्यात ते फारसे रुळले नाही.

बांधणीचे श्रेय बहुधा पन्हाळ्याच्या शिलाहार दुसऱ्या भोजाला (बारावे शतक अखेर) दिले जाते. याच राजाच्या नावावर एकूण पंधरा किल्ले मांडले जातात, हे लक्षात घेऊन हे श्रेय जपून स्वीकारावे. जावळी १६५६ मध्ये स्वराज्यात आली. वासोटा त्यानंतर, १६६० च्या सुमारास. राजापूर वखारीच्या इंग्रज कैद्यांपैकी काहींना येथे ठेवले होते, असे म्हणतात. उत्तर पेशवाईत, १८०६-०७ च्या सुमारास, पंतप्रतिनिधींच्या (सातारकर छत्रपतींच्या प्रतिनिधींच्या) पक्षाच्या ताई तेलिणीने गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. ‘सोटा’ आणि ‘कासोटा’ यांचे यमक जुळवणारी लोकोक्ती त्या प्रसंगाची. १८१८ मध्ये सातारकर छत्रपतींचे कुटुंब व दोन इंग्रज अधिकारी, हंटर आणि मॉरिसन, येथे पेशव्यांच्या अटकेत होते. इंग्रज जनरल प्रिट्झलरच्या तोफांपुढे त्याच वर्षी एप्रिलमध्ये गड पडला.

माथ्यावर मारुतीचे व महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याची जोती. समोरचा डोंगर तो जुना वासोटा. त्याच्या बाजूचा बाबूकडा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देतो.

कोयना धरणामुळे खोऱ्यातील गावे उठली, पायथ्याचे मेट इंदवलीही. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले (सुमारे ४२४ चौ. किमी.). २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश. गवा, अस्वल, बिबट्या व शेकरू येथे आहेत. वनखात्याची परवानगी आवश्यक. मुक्कामास बंदी असल्याने सकाळी गेलेली लाँच संध्याकाळपूर्वी माणसे घेऊन परत येते. पावसाळ्यात ती वाटही बंद.