डबा तसाच, हेडिंग वेगळं: ३९२३ की ३९२४?

इनव्हॉइसवर नुसतं 'प्लास्टिक कंटेनर' असं लिहून माल मागवला, की पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच पक्क्या होतात. हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणजे कस्टम्ससाठी मालाला क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय पद्धत. तिच्या ३९व्या, प्लास्टिकच्या चॅप्टरमध्ये रिकाम्या डब्याला दोन घरं, म्हणजे चार आकडी हेडिंगं आहेत, आणि तीही लागून. ३९२३ हे माल भरण्यासाठी आणि वाहून नेण्यासाठी असलेल्या वस्तूंचं. ३९२४ हे जेवणाच्या टेबलावरच्या, स्वयंपाकघरातल्या आणि इतर घरगुती वस्तूंचं. हेडिंग चुकलं तर शुल्काचा फरक, दंड आणि अडकलेला माल, सगळंच आयातदाराच्या अंगावर येतं.

दोन डबे हातात घेऊन बघू. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनचे, पारदर्शक, चौकोनी, ७५० मिलिलिटरचे. पहिल्याची भिंत इतकी पातळ की अंगठ्याने दाबली तर आत जाते. वरचा काठ रुंद आणि सपाट, कारण कारखान्यात माल भरल्यावर त्यावर फिल्म सील करायची असते. बाजू खाली निमुळत्या, त्यामुळे शेकडो डबे एकात एक बसून एका खोक्यात येतात. दुसरा डबा जाड आहे. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा, आत सिलिकॉनची रिंग, तीन आकारांचा संच, वर रंगीत वेष्टन आणि त्यावर मायक्रोवेव्ह चालेल, डिशवॉशर चालेल अशी चिन्हं. पहिला ३९२३, दुसरा ३९२४.

मी स्वतःला आधी एकच प्रश्न विचारतो: शेवटचं गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? पहिल्या डब्यात ते आतल्या पदार्थाचे देतं, डबा फक्त सोबत येतो. दुसऱ्यात ते डब्याचेच देतं. हा प्रश्न कायद्यात लिहिलेला नाही, पण वस्तूची घडण कुठल्या कामासाठी झाली आहे तिकडे तो लगेच नेतो.

'लोक तो डबा धुऊन घरात वापरतातच की' हा युक्तिवाद मात्र चालत नाही. हेडिंगवरच्या स्पष्टीकरणात्मक टिपांनी तो आधीच निकालात काढला आहे. बिनकानाचा कप खाद्यपदार्थ भरून पाठवण्याच्या घडणीचा असेल, तर नंतर त्यातून कुणी पाणी प्यायलं तरी तो ३९२३मध्येच राहतो. उलट, टेबलावर वापरायच्या कपात कधीमधी माल भरून दिला म्हणून तो ३९२४मधून बाहेर पडत नाही.

तसंच 'वापरा आणि फेका' हीसुद्धा कसोटी नव्हे. एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटली ही ताटलीच, म्हणजे ३९२४मधलं टेबल आणि स्वयंपाकघराच्या वस्तूंचं उपहेडिंग ३९२४.१०. खरा वाद होतो तो झाकणाच्या पातळ वाट्यांवर, ज्यांत पदार्थ घरी नेताही येतो आणि खाताही येतो. तिथे झाकण घट्ट बसतं का, डबे रचून नेता येतात का, आणि जाहिरातीत काय म्हटलंय, हे सगळं एकत्र तोलावं लागतं.

मालाने भरलेला डबा आला तर प्रश्नच बदलतो. हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांपैकी नियम ५(ब) सांगतो की नेहमीच्या पद्धतीचं पॅकिंग हे आतल्या मालाच्याच हेडिंगमध्ये जातं. पुन्हा पुन्हा वापरायच्या उघड हेतूने बनवलेल्या भांड्याला, उदाहरणार्थ मजबूत क्रेटला, हा नियम बंधनकारक नाही.

मोठ्या टाक्यांबाबतही गल्लत होते. ३०० लिटरपेक्षा जास्त क्षमतेची टाकी म्हटलं की लोक थेट ३९२५.१० लिहितात, म्हणजे बांधकामाच्या प्लास्टिक सामानाच्या ३९२५ या हेडिंगमधलं टाक्यांचं उपहेडिंग. पण ३९व्या चॅप्टरची टीप ११ सांगते की ३९२५मध्ये तेच येतं, जे त्या उपविभागातल्या आधीच्या कुठल्याही हेडिंगमध्ये बसत नाही. छपरावर कायमची बसवायची १००० लिटरची टाकी ३९२५ची. तेवढीच मोठी, पण द्रव माल एका कारखान्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी बनवलेली टाकी आधी ३९२३शी ताडून पाहावी लागते. बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेली नळी, अजून बाटली झालेली नसली तरी ३९२३मध्येच जाते.

म्हणून वर्णन लिहिताना हात आखडता घेऊ नका. 'पॉलिप्रॉपिलीनचे रिकामे डबे, ७५० मिलिलिटर, सील-फिल्मसाठी सपाट काठ, कारखान्यात खाद्यपदार्थ भरण्यासाठी' इतकं एका ओळीत मावतं. तरीही शंका राहिली तर नमुना आणि कॅटलॉग जोडून माल निघण्याआधीच अ‍ॅडव्हान्स रूलिंग मागा. २०१७ साली लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात वर्गीकरणावरच्या अशा आगाऊ निर्णयाची तरतूद आहे, आणि मिळालेला निर्णय कस्टम्सवरही बंधनकारक असतो.